दोन तारा

बाहेर एप्रिल, मोशीच्या रस्त्यावर डांबराला वास सुटलेला,
आणि आत, पत्र्याच्या प्रचंड शेडमध्ये, उणे चार.
तिकीट आठशे. मोजे सक्तीचे, त्यांचे वेगळे साठ.
भाड्याच्या जाकिटाला कुणाच्या तरी
कालच्या भीतीचा, नाहीतर वडापावचा वास.
नात म्हणाली, आजोबा, काश्मीर असंच असतं?
म्हटलं, तिथे मोज्यांचे पैसे घेत नसावेत.

उतार म्हणजे दोनशे फूट. वर न्यायला पाळणे,
दोघांचा एक, असे बावीस, एकाच दोराला लटकलेले.
सगळे बर्फाकडे बघत होते.
मी दोराकडे.

भोसरीत एकतीस वर्षं मी दोर तपासले,
क्रेनचे, होइस्टचे, एकदा एका सर्कशीचेही.
डोळ्यांनी नाही, ग्रीसखाली डोळ्यांना काय दिसतं?
मूठभर कॉटन वेस्ट दोराला धरायची
आणि दोर हळू चालू द्यायचा.
जिथे तार तुटलेली असते
तिथे ती सुताचा एक तंतू ओढून घेते.
बोलत नाही. नुसता ठेवून घेते.

तर सहाव्या पाळण्याच्या मागे, वीतभर अंतरावर,
लाल लोकरीचा एक धागा.
वर उतरताना दोर हाताशी येतो, पोरं त्याला हात लावतातच,
त्यातल्याच कुणाच्या तरी हातमोज्याचा.
वर गेला. चाकाला वळसा घालून खाली आला.
घड्याळ लावलं: तीन मिनिटं दहा सेकंद.
पुन्हा आला.
तोवर मैत्रेयी अकराव्या पाळण्यात, पाय हलवत.

यंत्रापाशी एक पोरगा, ओठ निळसर,
कानटोपी घरी विणलेली.
बिल्ल्यावर नाव: परमेश्वर.
खाली बारीक अक्षरांत खिल्लारे, रोजंदारी.
म्हटलं, थांबव.
म्हणाला, साहेबांना विचारावं लागंल.
साहेब आले, भिंतीवरचं सर्टिफिकेट दाखवलं,
काचेत, दसऱ्याचा हार घातलेलं.
हार अजून ताजा होता. थंडीत काहीच लवकर कळत नाही.
म्हटलं, कागद नंतर वाचतो. आधी दोर.

परमेश्वराने लाल बटणाकडे पाहिलं,
देव्हाऱ्यातल्या शंखाकडे मूल बघतं तसं:
वाजतो की नाही ठाऊक नाही,
हात लावू नको एवढंच सांगितलेलं.
वर्ष झालं होतं त्याला इथे.
दाबलं.

बावीस पाळणे जागच्या जागी.
स्पीकरवरचं गाणं तेवढं चालू.
वरून एक बाई ओरडली, लाइट गेली का हो?
मैत्रेयीचे पाय थांबले.

शिडी आली. चष्म्यावर धुकं.
नखाने मोजल्या.
दोन.

पुस्तकात लिहिलंय, सहा झाल्या की दोर बाद.
दोन म्हणजे काही नाही. दोन म्हणजे चालतो.
साहेब हसले. त्यांचा हक्कच होता.
मी धागा सोडवून खिशात टाकला,
दोर निघाला,
आणि पुढच्याच पाळण्यात बसलो मी,
कारण दोनला दोन म्हणणारा खाली कसा उभा राहील?
दांडा मात्र सोडला नाही, पार वर जाईपर्यंत.

पुढच्या रविवारी परमेश्वराला पाव किलो कॉटन वेस्ट नेऊन दिली.
दाखवलं कशी धरायची: आवळून नाही, सैल,
तापल्या पोराच्या कपाळावर हात ठेवतात तेवढीच.
मग दर सोमवारी फोन.
दोन, काका.
दोनच.
दोन. शाळा सुरू झाल्या, गर्दी नाही आता.
तीन. पण बारीक आहे तिसरी.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, सोमवार नसताना, त्याचाच आला:
काका, रिसोडला निघालो होतो, पिशवी भरलेली.
चार झाल्या.
सहा नाहीत अजून.
पुढे बोलेना. मागे ते गाणं चालू होतं,
पाळण्यांचा आवाज नव्हता.

मी दाबलंय बटण, म्हणाला.
साहेब येऊ लागलेत.